गटात वाचणारं मूल वर्गात गप्प का बसतं?

एका मुख्याध्यापिका बाईंचा प्रश्न आला आहे. तो थोडक्यात असा. पहिली ते सातवीची अनुदानित मराठी शाळा, प्रत्येक इयत्तेच्या दोन तुकड्या, पट ४२०. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येतात, स्पीच थेरपिस्ट महिन्यातून दोनदा. तिसरी-चौथीच्या चार तुकड्यांत मिळून २६ मुलं वाचनात मागे आहेत. मागच्या वर्षी या मुलांना खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला बाहेर काढून एकत्र बसवलं. दिवाळीपर्यंत मुलं यायला कुरकुरू लागली. वर्गशिक्षक म्हणू लागले, "आमच्या वर्गात तर काहीच फरक दिसत नाही." दोन पालक येऊन विचारून गेले, आमच्या मुलाला 'वेड्यांच्या वर्गात' का बसवता? एक वर्गशिक्षिका तर आता मुलं सोडायलाच तयार नाहीत. यंदा हे सगळं कसं बसवायचं?

मी २२ वर्षं विशेष शिक्षिका आहे. पहिली नऊ वर्षं तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांमध्ये फिरती होते, नंतर एका मोठ्या शाळेत समन्वयाचं काम आलं. तुमच्या शाळेत मागच्या वर्षी जे झालं ते मी स्वतः किमान तीन शाळांमध्ये केलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वर्गशिक्षकांच्या वाक्याबद्दल. "आमच्या वर्गात फरक दिसत नाही" ही तक्रार म्हणून ऐकू नका, कारण ती खरी माहिती आहे. फिरती असताना माझ्याकडे चौथीतला एक मुलगा होता. माझ्या खोलीत तो छोट्या गोष्टी वाचायचा, चुकला तर स्वतः सुधारायचा. वर्गात मात्र उभं केलं की पुतळा. बाईंना वाटायचं मी उगीच कौतुक करते, मला वाटायचं बाई त्याला घाबरवतात. शेवटी एक दिवस मी मागच्या बाकावर जाऊन बसले. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद होता आणि पहिल्या चार ओळींत अकरा जोडाक्षरं होती. मी त्याला महिनाभर काना, वेलांटी आणि उकार शिकवत होते, जोडाक्षरांपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. बाईंना हे ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. दोघी आपापल्या जागी मन लावून शिकवत होतो आणि तो मुलगा दोघींच्या मधल्या फटीत पडला होता. समन्वयाचं काम ती फट बुजवण्याचं आहे. गट किती, खोली कोणती, रजिस्टर कुठलं हे सगळं त्यानंतर येतं.

आता तुमच्या २६ मुलांकडे येऊ. ही एक यादी नाही. तिच्यात किमान चार वेगळ्या यादींची सरमिसळ झालेली असणार.

सगळ्यात आधी डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी ही २६ मुलं हजर आहेत का ते जातीनं पाहा, कारण नेमकी हीच मुलं गैरहजर असतात. पथक येऊन गेलं असेल तर थांबू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. 'अप्रगत' म्हणून माझ्याकडे दिलेल्या एका मुलीला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, ती तिसरीपर्यंत शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत होती. आणखी एकाचा कान दर पावसाळ्यात वाहायचा. त्याला 'प' आणि 'ब' सारखेच ऐकू यायचे आणि शुद्धलेखनात तो ते सारखेच लिहायचा. अशा मुलाला सहा महिने गटात बसवणं म्हणजे त्याचे सहा महिने घेणं.

दुसरी गोष्ट हजेरीची. मी फिरती होते त्या भागात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बरीच होती. दिवाळीच्या सुमारास गेलेलं मूल मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं. दोन वर्षांत मिळून जेमतेम एक वर्ष शाळा पाहिलेल्या मुलाला वाचता येत नाही, यात मुलाचं काही बिघडलेलं नसतं. त्याला शिकवणी हवी असते, तपासणी नव्हे. तुमची शाळा शहरालगत असेल तर बांधकामावरच्या आणि वीटभट्टीवरच्या मुलांचं हेच असेल.

तिसरी गोष्ट घरच्या भाषेची. 'पानी' लिहिणारं मूल जसं बोलतं तसं लिहितं. न-ण आणि श-स यांतली गल्लत पाहून कोणावरही शिक्का मारू नका. गोरमाटी, वडारी, पावरी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला मराठी ही शाळेत येऊन शिकायची भाषा आहे, हे त्याच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवा.

हे सगळं चाळून झाल्यावर जी मुलं उरतात त्यांच्यासाठी गट.

मूल्यमापनाला अर्धा दिवस पुरतो. संकलित चाचणीचे गुण बाजूला ठेवा, त्यांतून काही कळत नाही. प्रत्येक मुलाला समोर बसवून पाच ते सात मिनिटं वाचून घ्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट हा 'प्रथम' या शैक्षणिक संस्थेच्या चाचणीचा क्रम आपल्या शिक्षकांच्या सवयीचा आहे, तोच वापरा. मी फक्त शब्दांची पायरी फोडून घेते, कारण मराठी वाचनातलं खरं दुखणं तिथेच सापडतं. आधी बिनकान्याचे शब्द : कमळ, बदक, मगर. मग काना : तारा, वाघ. मग वेलांट्या आणि उकार : किती, पुरी, मूठ. मग मात्रा : शेत, कोबी, चौकट. मग साधी जोडाक्षरं : रस्ता, शब्द. आणि शेवटी 'र'ची चार रूपं : सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या.

मूल कुठे अडखळतं याइतकंच कसं अडखळतं तेही लिहा. 'कि' वाचताना काही मुलं 'इक' म्हणतात. बाई रागावतात, पण मूल प्रामाणिकपणे डावीकडून उजवीकडे वाचत असतं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात आणि उच्चारतात नंतर. रफाराचं उलटं आहे. तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारायचा त्या अक्षराच्या आधी. डोळ्याचा क्रम आणि जिभेचा क्रम इथे जुळत नाही, आणि हे कोणीतरी त्या मुलाला उघड सांगावं लागतं, बोट ठेवून दाखवावं लागतं. म-भ, घ-ध, थ-य आणि ख-रव ही गल्लत वेगळी, ती आकाराची आहे. तिला वेगळा उपाय लागतो. दोन्ही प्रकारच्या मुलांना एका गटात बसवून 'बाराखडी म्हणा' म्हटलं की दोघांचंही काही होत नाही. आणखी एक प्रकार सहज सुटतो. अक्षर सगळं बरोबर, पण एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलत वाचणारं मूल. ते चुकत नाही म्हणून कोणाच्या यादीत येत नाही. मराठीत वाचनाची अडचण कित्येकदा चुकांपेक्षा संथपणात दिसते. म्हणून एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले हेही मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणन अभियानाच्या लक्ष्यात तिसरीच्या मुलाकडून मिनिटाला किमान ६० शब्दांची अपेक्षा आहे. १८ वर असलेलं मूल आणि ४५ वर असलेलं मूल एका गटात घालू नका.

गट चुकांवरून करा. इयत्तेवरून नको आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरूनही नको. प्रमाणपत्र हक्कासाठी असतं, उद्या सकाळी काय शिकवायचं ते त्यात लिहिलेलं नसतं. अंदाजानं सांगायचं तर तुमच्या २६ मधली सहा-सात मुलं अक्षरांवरच असतील, नऊ-दहा वेलांट्या-मात्रांवर आणि उरलेली जोडाक्षरांवर किंवा वेगावर. अक्षरांवरचा गट सगळ्यात लहान ठेवा.

आता वेळ कुठून आणायची? माझं ठाम मत आहे की खेळ, चित्रकला, कार्यानुभव आणि परिपाठ यांना हात लावायचा नाही. वाचता न येणाऱ्या मुलाला दिवसात जिथे आपण कोणापेक्षा कमी नाही असं वाटतं, ते तास हेच. तेच काढून घेतल्यावर मूल कुरकुरणारच. आणि मराठी-गणिताचा नवा पाठ चालू असतानाही बाहेर काढायचं नाही, कारण मग ते दुप्पट मागे पडतं.

मग उरतं काय? तिसरी-चौथीच्या चारही तुकड्यांचा एक तास एकाच वेळी वाचनाचा ठेवा. आठवड्यातून चार दिवस, तीस मिनिटं. त्या अर्ध्या तासात सगळीच्या सगळी १२० मुलं खोल्या बदलतात. कोणी 'बाहेर काढलं' जात नाही, कारण सगळेच उठून कुठेतरी जातात. नीट वाचणारी साधारण ९४ मुलं दोन खोल्यांत, दोन शिक्षकांकडे. तिथे वाचनालयाची पुस्तकं, जोडीवाचन, वाचलेल्यावर चार ओळी लेखन. गट मोठा आहे, पण या मुलांना ते जमतं. मात्र त्यांच्यासाठीही आठवड्याची आखणी लागते, नाहीतर त्या दोन खोल्या म्हणजे मुलं सांभाळणं होतं आणि त्यांच्या पालकांचा रोष रास्त ठरतो. उरलेले दोन वर्गशिक्षक मात्रांचा आणि जोडाक्षरांचा गट घेतात. अक्षरांचा गट विशेष शिक्षिकेकडे दोन दिवस, आणि उरलेले दोन दिवस पाचवी ते सातवीच्या ज्या शिक्षकांना त्या वेळी ऑफ तास आहे त्यांच्यापैकी एकाकडे. तो शिक्षक पहिले तीन आठवडे विशेष शिक्षिकेच्या तासाला शेजारी बसेल, मग घेईल. दोन महिने तोच राहील. 'ज्याला वेळ असेल तो घेईल' असं ठरलं की पंधरवड्यात गट बंद पडतो.

सगळ्यात कमकुवत गट सगळ्यात अनुभवी माणसाकडे जायला हवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, तो नव्या शिक्षणसेवकाकडे जातो.

छोट्या गटांचा आपल्या मातीतला अनुभव जुना आहे. 'प्रथम'नं मुंबईच्या महापालिका शाळांमध्ये बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच तरुण मुली तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायच्या. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला, त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ होते. बालसखीकडे गेलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरानं त्यातला बराच फायदा ओसरलेला आढळला. मी हा दुसरा भाग प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. गटात मिळालेलं वर्गात रोज वापरलं गेलं नाही तर ते टिकत नाही, ही आपल्या चौथीतल्या मुलाचीच गोष्ट आहे.

म्हणून आता त्या फटीबद्दल, सविस्तर.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या, प्रत्येक गटाला आठवड्याला एक. त्यावर तीनच ओळी. या आठवड्यात काय शिकवलं. वर्गात काय करून घ्यावं. मुलांबद्दल काय लक्षात आलं. तिसरी ओळ वर्गशिक्षकही भरू शकतो. एक खरं कार्ड आठवतं तसं देते. पहिली ओळ : "पहिली वेलांटी, फक्त क, म, प, व, स यांना." दुसरी : "फळ्यावर रोज यातले दोन शब्द लिहावेत आणि मुलांना मोठ्यानं वाचायला सांगावेत. नवा परिच्छेद वाचायला द्यायचा असेल तर आदल्या दिवशी घरी द्यावा." तिसरी : "सकाळी न खाता येतो, दुसऱ्या तासापर्यंत डोळे मिटतात." या तिसऱ्या ओळीमुळे त्या मुलाचा गट मधल्या सुट्टीनंतर हलवला, पोषण आहार खाऊन झाल्यावर. त्यानं जो फरक पडला तो माझ्या शिकवण्यानं पडला नसता.

आदल्या दिवशी परिच्छेद देण्याची युक्ती त्या चौथीतल्या मुलासाठी त्याच्या बाईंनीच काढली होती. उद्या कुठला भाग वाचायला सांगणार ते त्या त्याला आज सांगायच्या, तोही तीनच ओळींचा. तो घरी बहिणीकडून दहा वेळा वाचून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहून वाचायचा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्या कोणी सांगितल्या नव्हत्या. त्या दिवसानंतर तो माझ्या खोलीत आला की आधी विचारायचा, "बाई, आज वर्गातलं पुस्तक घेऊया का?"

कार्डाला जोड म्हणून आठवड्यात वीस मिनिटांची बैठक हवी. ती विशेष शिक्षिका असते त्या दिवशीच ठेवा. शनिवारी सगळे मोकळे असतात म्हणून बैठक शनिवारी, आणि ती बाई सोमवारी-गुरुवारी येते, असं असेल तर ती बैठक कागदावरच राहते. तिचे दोन दिवसही लागोपाठचे घेऊ नका, मध्ये अंतर असू द्या. बैठकीत चारच मुलांची नावं घ्यायची, पुढच्या आठवड्यात पुढची चार. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न : उद्यापासून कोण काय वेगळं करणार? बीएलओची म्हणजे मतदारयादीची कामं, माहिती भरणं, प्रशिक्षणं यांत शिक्षक पिचलेले असतात हे मला ठाऊक आहे. म्हणूनच वीस मिनिटं म्हणजे वीसच. घड्याळ पाहून उठा. वेळ पाळली तर लोक पुन्हा येतात.

विशेष शिक्षिकेचा वेळ कसा वापरायचा हे तुम्ही ठरवून द्या, नाहीतर तो रिकाम्या वर्गावर बदली तास घेण्यात जातो. दोन दिवस म्हणजे आठ-आठ धरून सोळा तासिका. मी त्या अशा वाटते : दोन सामायिक वाचनाच्या, सहा जास्त गरज असलेल्या मुलांसोबत, तीन वर्गात मागे बसून पाहण्याच्या, दोन पालकांसाठी, दोन नोंदींसाठी, एक बैठकीची. वर्गात बसण्याच्या तीन तासिका पहिल्या आठवड्यात वाया गेल्यासारख्या वाटतील. त्या कापू नका. माझी सगळी कामाची माहिती मागच्या बाकावरून आलेली आहे.

स्पीच थेरपिस्ट महिन्यातून दोनदा येतात, तर त्यांच्याकडून वीस मुलांना पाच-पाच मिनिटं घेऊ नका. चार मुलं घ्या, आणि प्रत्येकाच्या वेळी शेवटची दहा मिनिटं वर्गशिक्षक किंवा आई समोर असू द्या. त्या निघून गेल्यावरच्या दोन आठवड्यांत रोज काय करायचं ते त्या दहा मिनिटांत शिकवून घ्या. तोतरं बोलणाऱ्या मुलाला वर्गात हजेरी देताना वेळ द्यायचा, त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, एवढं जरी चारही शिक्षकांनी पाळलं तरी ते महिन्याच्या दोन भेटींपेक्षा मोठं काम आहे.

गट पेन्सिलीनं लिहा. सहा आठवड्यांची एक फेरी. दर आठवड्याला एक मिनिट वाचन, बरोबर शब्दांचा ठिपका आलेखाच्या वहीत. मूल स्वतःचा ठिपका स्वतः मांडतं, हे मी आवर्जून करते. लागोपाठ तीन ठिपके जागचे हलले नाहीत तर पद्धत बदला, तेच जास्त वेळ करू नका. सहा आठवड्यांनी सगळ्यांचं पुन्हा वाचन घ्या आणि गट मोडून नव्यानं करा. चांगलं वाचू लागलेलं मूल मोठ्या खोलीत जाताना त्याला आणि त्याच्या वर्गशिक्षकाला ते सांगा. पुढचे तीन आठवडे मात्र लक्ष ठेवा, कारण परत घसरण्याचा काळ तोच असतो.

दोन फेऱ्या नीट होऊनही मूल हललं नाही तर तपासणीसाठी पाठवायची वेळ आली. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप दिव्यांगत्वाच्या प्राथमिक चाळणीसाठी आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकानंच भरायचा आहे, विशेष शिक्षिकेवर सोडायचा नाही. ॲपमधून निदान होत नाही, हे पालकांशी बोलताना लक्षात ठेवा. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातलाच एक प्रकार) प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत ते चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा करून घ्यायला सांगितलं होतं. म्हणजे पहिलीतल्या मुलाला 'डिस्लेक्सिया आहे' असं कोणी सांगत असेल तर थांबा, आणि चौथीतल्याला 'मोठा झाला की येईल' असं म्हणत असाल तर थांबू नका. तारखेची वाट पाहत शिकवणं मात्र लांबवू नका. हा कागद येवो न येवो, वेलांटी शिकवायचीच आहे.

या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचं काम महाराष्ट्रात १९९६ पासून सुरू झालं. दहावीला ताशी वीस मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक यांचा उपयोग तेव्हाच होतो जेव्हा पाचवी-सहावीपासून घटक चाचणीत त्याची सवय असते. उत्तर तोंडी सांगून लिहवून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. ते मार्च महिन्यात येत नाही.

तुमच्या शाळेत बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न किंवा बहुविकलांग मुलं असतील तर त्यांना आपोआप वाचनगटात टाकू नका. त्यांचा आयईपी, म्हणजे त्या एका मुलासाठीचा शिक्षण आराखडा, वेगळा, आणि तो एका पानाचा असावा. मी बारा-बारा पानांचे आयईपी पाहिले आहेत, जे वर्गशिक्षकानं कधी उघडले नाहीत. एका पानावर तीन उद्दिष्टं, ती कोण, कुठे, दिवसातून केव्हा करणार, आणि खाली आपत्तीची ओळ : फिट आली तर काय करायचं, फोन कोणाला. माझ्या एका विद्यार्थ्याची चौथीतली तीन उद्दिष्टं अशी होती : स्वतःचं नाव आणि गाव ओळखणं, दहा-वीसच्या नोटा वेगळ्या करणं, मधल्या सुट्टीत दोन मित्रांसोबत डबा खाणं. तिसरं उद्दिष्ट त्याच्या आईनं सुचवलं होतं. ते साध्य व्हायला पाच महिने लागले आणि त्यासाठी वर्गातल्या मुलांशीही बोलावं लागलं. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते फार वर धरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ठळक दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे ४० टक्के आणि त्याहून जास्त प्रमाण असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अशा मुलांची यादी युडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, क्रमांकांसह अद्ययावत ठेवा. ती यादीच तुम्हाला जादा दिवस मागायला उपयोगी पडते. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यावरच्या इयत्तांना पंधरा मुलांमागे एक असं ठरवून दिलं आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना ही पदं मंजूर करून अधिसूचित करायला सांगितलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी मागणी करा, पोच घ्या, दर सहा महिन्यांनी पुन्हा करा.

पालकांकडे येते. 'वेड्यांचा वर्ग' हे शब्द ऐकून वाईट वाटतं, पण बहुतेक वेळा त्यामागे भीती असते आणि ती भीती आपणच दिलेली असते. मी काम केलेल्या एका शाळेत मुलांची यादी दिव्यांगत्वाच्या प्रकारासह सूचनाफलकावर लागली होती. दुसऱ्या एका ठिकाणी एकाचं प्रमाणपत्र वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं. त्या आईनं मुलाचं नाव शाळेतून काढून नेलं आणि मला तिला थांबवता आलं नाही. तेव्हा प्रमाणपत्रं आणि आयईपी कुलपात, आणि ग्रुपवर कोणाचंही नाव नाही.

गट सुरू होण्याआधी आईला बोलवा. पत्र पाठवू नका, भेटा. गुणपत्रक काढू नका. मुलाला तिच्यासमोर, त्याला जमेल असंच काहीतरी वाचू द्या आणि म्हणा, "इथपर्यंत त्याला येतं. पुढची पायरी ही आहे. सहा आठवडे आम्ही ही घेणार, मग तुम्हाला पुन्हा दाखवणार." सहा आठवड्यांनी खरंच दाखवा. खोलीही नीट निवडा. जिन्याखालची, स्वच्छतागृहाशेजारची, तुटक्या बाकांची खोली मुलांना काय सांगते ते त्यांना न शिकवताच कळतं. वाचनालयाची खोली द्या. हळू शिकणारे, अप्रगत, 'ड' गट ही नावं शिक्षकांच्या खोलीतसुद्धा वापरू नका. भिंतींना कान असतात आणि मुलं भिंतीला टेकूनच उभी असतात.

राहिल्या त्या मुलं न सोडणाऱ्या बाई. त्यांना लेखी आदेश देऊ नका. माझ्या अनुभवात असं म्हणणाऱ्या शिक्षिका बहुतेक वेळा वर्गावर जीव असलेल्या असतात. मूल परत येतं तेव्हा त्याचा पाठ बुडालेला असतो आणि तो भरून काढायचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. मागच्या वर्षी तर त्यांना कोणी काही सांगितलंही नसेल. नवं वेळापत्रक लावण्याआधी त्यांना दाखवा. त्यात त्यांचा एकही पाठ बुडत नाही हे त्यांना दिसू द्या. मग एक दिवस तुम्ही स्वतः त्यांचा वर्ग घ्या आणि त्यांना त्यांच्याच एका मुलाच्या शेजारी, गटात बसू द्या, अर्धा तास. मी हे तिघींच्या बाबतीत केलं आहे. तिघींपैकी एक तास संपल्यावर काही न बोलता निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या फळ्याच्या कोपऱ्यात दोन शब्द लिहिलेले होते, 'किती' आणि 'मिठी', आणि त्यांनी हजेरी घ्यायच्या आधी ते त्या मुलालाच वाचायला सांगितले.